गाठ सोडलेली वायर

माझ्या पहिल्या ॲम्प्लिफायरला वायर लावली ती नानांनी. नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याच्या एका कापसाच्या जिनिंग गिरणीत ते वायरमन होते, शिक्षण चौथीपर्यंत. मी जळगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे वाक्य मी आयुष्यभर फार अभिमानानं उच्चारत आलो, म्हणून पुढचंही सांगणं भाग आहे.

नव्वद सालाच्या आगेमागे मी ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि लाकडी खोक्यांचे दोन मोठे स्पीकर घेतले. पत्रानं कळवलं, तसे नाना रविवारच्या एसटीनं आले. पिशवीत पांढऱ्या दुपदरी वायरीचं भेंडोळं होतं. एक स्पीकर ॲम्प्लिफायरच्या शेजारीच होता, दुसरा लांब, खिडकीखाली. तरी त्यांनी हातानं मोजून दोन्ही तुकडे सारखेच कापले. मग प्रत्येक तुकड्यातल्या दोन तारांपैकी एकीला दोन्ही टोकांशी बारीक गाठ मारली.

“ज्या तारले गाठ शे, ती लालवर लाव,” ते ॲम्प्लिफायर आणि स्पीकरमागच्या लाल-काळ्या खिट्ट्या दाखवत म्हणाले.

“गाठ कशाला, नाना?”

“दोन्ही पांढऱ्या शेतस. अंधारामा बोटले समजस.”

भीमजयंतीला आमच्या वस्तीत कर्णे लावायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. पत्र्यावर, खांबावर, जिथं जिथं त्यांची वायर जाई तिथं या गाठी असत. वर चढलेला माणूस हात फिरवून नेमकी तार पकडे.

जोडणी झाल्यावर त्यांनी सोबत आणलेली भीमगीतांची कॅसेट लावली. ढोलकीची थाप छातीत बसली. नानांनी घडीची खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली आणि मांडीवर हात ठेवून पूर्ण कॅसेट ऐकली. तेव्हापासून महिन्यातून एक रविवार ते यायचे, ते त्या खुर्चीसाठी. येताना आई लोणचं द्यायची, ते सूनबाईच्या हातात देऊन थेट खुर्चीकडे.

कॉलनीत एक डॉक्टर राहत. त्यांच्याकडे परदेशी संच होता आणि त्याला करंगळीएवढी जाड वायर होती. ते मला घरी बोलावत, ‘सर’ म्हणत, याचं मला केवढं अप्रूप होतं. एकदा ते कॉलनीतल्या दोघातिघांना घेऊन माझा संच बघायला आले. स्पीकरच्या मागे वाकले आणि हसत सुटले.

“सर, हे काय? लेंग्याची नाडी बांधलीय का?”

सगळे हसले. मीही हसलो. नाना त्या दिवशी आलेले नव्हते, एवढंच बरं होतं.

“वायरीत सगळं असतं, सर. गाठीत आवाज अडकतो,” डॉक्टर जाताना म्हणाले. “पुढच्या रविवारी येतो पुन्हा.”

त्याच आठवड्यात मी गाठी सोडल्या. घट्ट होत्या, नखानं सुटेनात, दातानं सोडल्या. टोकं छान तासली. आता दोन्ही तारा एकसारख्या पांढऱ्या होत्या. कोणती लालवर, कोणती काळीवर, हा प्रश्न मला पडला होता. पण मी स्वतःलाच उत्तर दिलं, की हा प्रत्यावर्ती प्रवाह, क्षणोक्षणी दिशा बदलणारा. याला उलटं काय नि सुलटं काय? अर्धवट शिकलेला माणूस असंच तर्कानं चुकतो. जोडल्या हाताला येतील तशा.

रविवारी डॉक्टर आले. नानाही आलेले, खुर्चीवर बसलेले. मी कॅसेट लावली. आवाज पोकळ आला. ढोलकी रिकाम्या डब्यावर वाजवल्यासारखी. गाणारा खोलीत नेमका कुठं आहे तेच कळेना.

“बघा,” डॉक्टर म्हणाले. “मी म्हणालो होतो. ही वायरच नव्हे.”

मी नानांकडे वळून म्हणालो, “नाना, ही वायर बल्बला ठीक आहे हो. याला नाही चालत.”

नाना उठले. स्पीकरच्या मागे हात घालून त्यांनी बोटांनी टोक चाचपलं.

“गाठ कथा गई?”

“सोडली. गाठीत आवाज अडकतो.”

पदार्थविज्ञानाच्या शिक्षकानं हे वाक्य वायरमनला ऐकवलं. त्यांनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “ऱ्हाऊ दे,” म्हणाले. “तुले जे पटी ते कर.”

डॉक्टरांनी मुंबईहून माझ्यासाठी वायर मागवली. जाड, पारदर्शक, आत तांब्याचा पीळ दिसणारी, आणि एका कडेनं लाल रेघ. लाल रेघ मी लालवर लावली. ढोलकी परत आली. येईल त्याला मी ती वायर दाखवू लागलो. नानांनी आपली वायर अंगठा आणि कोपराभोवती गुंडाळून पिशवीत घातली आणि धुळ्याला नेली.

ते नंतरही येत, पण संच चालू केला की स्वयंपाकघरात जाऊन सूनबाईशी बोलत बसत. मी खुर्ची मांडून हाक मारली, तर म्हणत, “तुम्हीन ऐका, सर.” मला तू म्हणणारे नाना मला ‘तुम्हीन’ म्हणू लागले होते. ‘सर’ हा शब्द त्यांनी कुणाकडून उचलला, ते मला ठाऊक होतं.

चार-पाच वर्षांनी प्रयोगशाळेत ध्वनितरंग शिकवत होतो. दोन स्पीकर शेजारी ठेवले, फळ्यावर ‘प्रावस्था’ लिहिलं, आणि एका स्पीकरच्या तारा मुद्दाम उलट्या केल्या. एकाचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई, एक आवाज दुसऱ्याला खाई. आवाज पोकळ झाला. तोच आवाज. मुलं वहीत लिहीत होती आणि मी खडू धरून उभा होतो. घरी गेलो, साधी पांढरी वायर आणली, नीट सुलटी जोडली. ढोलकी तशीच वाजली. मुंबईच्या वायरीनं आणि लाल रेघेनं केलं ते इतकंच, की गाठीचं काम केलं.

मी धुळ्याला गेलो. ओट्यावर नानांशेजारी बसून सगळं सांगितलं. ते सुपारी कातरत होते.

“मले तव्हयच समजनं व्हतं,” ते म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“डॉक्टर बसेल व्हतात. तू शिकाडनारा मास्तर. त्यास्ना मोऱ्हे तुले काय सांगाव?”

म्हणजे परक्यासमोर माझी लाज राहावी म्हणून ते गप्प बसले होते. त्याच परक्यासमोर मी त्यांची वायर बल्बला ठीक ठरवली होती.

“आता चला जळगावला. तुमचीच वायर लावू,” मी म्हणालो.

“ती कपडा वाळाले बांधी दिन्ही,” ते म्हणाले. अंगणात आईची लुगडी त्या पांढऱ्या वायरीवर वाळत होती. नाना त्यानंतर जळगावला आले, पण खुर्चीवर बसले नाहीत.

डॉक्टर अजून कॉलनीतच आहेत. पाहुणे आले की ते माझ्या नाडीची गोष्ट सांगतात आणि वायर बदलल्यावर काय फरक पडला ते मला विचारतात. मागच्या दिवाळीतही विचारलं. “खूप फरक पडला,” मी म्हणालो.