पश्चिमेची जाळी

थापीने सिमेंटचा माल सारखा करून महादेव मिस्त्री तिसऱ्या थराची वीट बसवत होते. मी दारातूनच ‘थांबा’ म्हणाले. त्यांनी ती वीट नीट ठोकली, मग थांबले.

ते माझी भिंत आतून विटा लावून बंद करत होते... सोलापुरातल्या एका विणकर कुटुंबाच्या शेडची पश्चिमेची भिंत. चार मागांची शेड, तिची आर्किटेक्ट मी. विटांमध्ये मोकळ्या जागा सोडून मी तिथे जाळी केली होती. वारा आत यावा, पंखे कमी लागावेत म्हणून.

मार्चमध्ये मी तिचा फोटो इथेच टाकला होता. तुमच्यापैकी अनेकांनी छान म्हटलं होतं. फोटोत माग बंद होते.

शेडचे मालक व्यंकटअण्णा. घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. त्यांनी मला स्टूल दिलं आणि स्वतः उभे राहिले.

“मॅडम, रागावू नका की. वारं लागलं की सूत वाळतंय, वाळलं की तुटतंय. शनिवारी टॉवेलची ऑर्डर द्यायची हाय.”

मी बसून पाहत राहिले. पाच मिनिटांत एक माग तीनदा थांबला. प्रत्येक वेळी त्यांच्या पत्नी राजम्मा वाकल्या, तुटलेला धागा शोधला, जोडला.

मला हे माहीत असायला हवं होतं. नकाशा काढण्याआधी तीन दिवस मी याच कुटुंबाबरोबर बसले होते... पण ऑगस्टमध्ये. हवेत ओल होती, सूत मऊ होतं. माणसांना किती उकडतं, एवढंच मी विचारलं.

शाश्वत इमारती हा शब्द आता आमच्या प्रत्येक बैठकीत असतो. मी तो मनापासून वापरते. माझ्या वहीत वाऱ्याचे बाण होते, उन्हाचे कोन होते. सूत कुठेच नव्हतं.

“तुमी वाऱ्याचं शिकून आलाव मॅडम,” राजम्मा म्हणाल्या. “आमच्या ताण्याच्या सुताला कुणी शिकवलंच न्हाय.”

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये, मागाशेजारीच, त्या चक्कर येऊन कोसळल्या होत्या. नवी शेड त्यामुळेच बांधली. भिंत बंद केली तर सूत टिकणार, आणि राजम्मा पुन्हा त्याच उकाड्यात. उघडी ठेवली तर ऑर्डर जाणार.

“बंद करा,” मी म्हणाले.

“मग मगाशी थांबा कशाला म्हणलाव?” मिस्त्रींनी विचारलं. “माल वाळला की हितं.”

दुपारपर्यंत पहिल्या मागासमोर गुडघ्याएवढी भिंत झाली. मग लाइट गेली. जेवायला जाण्याआधी मिस्त्रींनी जाळीच्या वरच्या कडेला खिळे ठोकून तिथून त्या भागावर गोणपाटं सोडली आणि बादलीभर पाणी मारलं. ओल्या बांधकामाला ऊन-वारा लागू नये म्हणून. ते अक्कलकोटकडचे आहेत. कुठेही काम केलं तरी हे करतातच, म्हणाले.

चार माग थांबल्यावरची शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. सुताचा बारीक कापूस हवेत होता, खाली यायला विसरला होता. उरलेल्या जाळीतून उन्हाचे चौकोन फरशीवर आले होते. त्यांच्याकडे पाहता पाहता ते कधी सरकले कळलं नाही...

मी गोणपाटाजवळ भिंतीला टेकले. डोळा लागला असावा. मला वाटलं मी नदीकाठी आहे. तागाचा आणि ओल्या मातीचा वास येत होता. दूर कुणीतरी पाण्यात पाय सोडून बसलं होतं, आणि ती व्यक्ती मीच आहे की दुसरी कुणी, याची मला काळजी नव्हती.

लाइट आली. खडखडाटाने मी जागी झाले.

धागा तुटून तिसरा माग थांबला. मग चौथा, मग दुसरा. माझ्याजवळचा, गोणपाटासमोरचा, चालत राहिला. राजम्मा त्याच्यासमोर हात पुढे करून उभ्या होत्या, आता तुटेल म्हणून. धागा तुटला नाही.

त्यांनी हात वळवून गोणपाटापाशी नेला. अण्णांना तेलुगूत काहीतरी म्हणाल्या, मग मला, “हितं या. हात धरा.”

मी माझा हात गोणपाटासमोर धरला. वारा येत होता. हळू, गार, ओला.

अण्णांनी गोणपाट मुठीत धरून पाहिलं. मग म्हणाले, “पाणी कुटलं आणायचं? नळाला रोज येत न्हाय.”

“धुण्याचं शेवटचं पाणी मोरीतच जातंय की,” राजम्मा म्हणाल्या. “ते हितं मारते मी.”

मिस्त्री हात पुसत आत आले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग आपल्या भिंतीकडे.

“म्हंजे आता मी बांधलेलं मीच काढायचं व्हय?”

“आधी चहा घ्या,” राजम्मा म्हणाल्या.

आम्ही चहा घेतला. मी त्या गोणपाटाचं माप काढलं, आणि वहीत बाणांच्या शेजारी लिहून ठेवलं. एवढी वर्षं मी उत्तरं नकाशातून देत आले. हे उत्तर माझी भिंत बंद करायला आलेल्या माणसाच्या सवयीतून आलं, आणि त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. त्या गडबडीत मिस्त्रींचे आभार मानायचे राहिले. ते इथे मानते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी थर उतरवले. राजम्मांनी चारही मागांसमोर गोणपाट सोडून भिजवलं. पहिल्या तासात सगळ्या मागांवर मिळून दोन धागे तुटले. त्यांनी ते जोडले.