बांगड्या सांभाळायला

डोंबिवलीतल्या एका एमआरआय सेंटरमध्ये त्या बाई माझ्या शेजारी बसलेल्या. सोबत सहाएक वर्षांची मुलगी आणि तिच्याहून लहान मुलगा. मला त्यांचा मनातून रागच आलेला. कोणी आणतं का एवढ्याशा पोरांना इथे? मी लेकाला ऑफिसला जातो सांगून एकटा आलेलो.

नंबर आल्यावर त्यांनी बांगड्या एकेक करून काढल्या आणि मुलीच्या हातात चढवल्या. त्या थेट तिच्या कोपरापर्यंत गेल्या. पायातली जोडवी त्यांनी मुलाच्या मुठीत दिली. "सांभाळा हां. बाहेर आल्यावर मला लागणारेत."

"घरी ठेवायचं ना यांना," मी न राहवून बोललो.

"मागच्या वेळी ठेवलेलं, दादा. बाजारात जाते म्हणून सांगितलं. आता खरंच भाजीला निघाले तरी दोघं रडतात. इथे माझी वस्तू त्यांच्याकडे आहे, म्हणजे आई घ्यायला येणार, एवढं त्यांना कळतं."

त्या आत गेल्या. दोघं जागची हलली नाहीत. तेवढ्यात माझ्या लेकाचा फोन आला. मीटिंगमध्ये आहे, म्हणालो.

अर्ध्या तासाने आई बाहेर आली. मुलीने स्वतः एकेक बांगडी तिच्या हातात चढवली.

मग माझं नाव पुकारलं. घड्याळ, अंगठी काढून ठेवा, म्हणाले. कोणाकडे द्यावी म्हणून मी इकडेतिकडे बघत होतो, तर त्या मुलीने आपला रिकामा हात पुढे केला.

"द्या काका. आम्ही थांबतो."