दाजींच्या नावावर बंद पडणारं मशीन

आधीच सांगून टाकते. अंगात येणं, भास होणं, मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटणं... असलं काही सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर हसत आलेय. लातूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते, चौदा वर्षं झाली. "मॅडम, मशीनला काहीतरी झालंय" हे वाक्य दिवसातून वीसदा ऐकते आणि वीसदा माझं डोकं फिरतं. मशीनला आपणहून काही होत नसतं हो! रॅमवर धूळ बसते, केबल सैल होते, पोरं नको ते डाउनलोड करतात. कारण असतंच. शोधायचं, आणि नाहीच सापडलं तर फॉरमॅट मारायचा. विषय संपला.

मुखेडला जे झालं त्याचं कारण मात्र मला आजतागायत सापडलेलं नाही. म्हणून इथं लिहितेय.

मुखेडला माझी थोरली बहीण असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिचे यजमान, म्हणजे माझे शिवानंद दाजी, यांचं तिथं बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला डीटीपीचं छोटं दुकान. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, तहसीलला द्यायची निवेदनं. तालुक्यातली निम्मी लग्नं आणि निम्मी पुण्यस्मरणं त्या एका मशीनमधून गेली असतील. मला ते "इंजिनियरीणबाई" म्हणायचे. मी साधी डिप्लोमावाली, म्हणून मुद्दाम चिडवायला. मीही चिडायचे, त्यांना तेवढंच हवं असायचं.

एके सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. नांदेडला नेता नेता गाडीतच गेले. पन्नाशीसुद्धा नव्हती. मूलबाळ नाही, घरात अक्का आणि तिची म्हातारी सासू. महिनाभरानं अक्कानं दुकान उघडलं. दाजींच्या शेजारी बसून बसून ती सगळं शिकलेली होती, गिऱ्हाईकही टिकलं.

वर्ष होत आलं आणि तिचा फोन आला. ती मला लहानपणापासून 'सुनी' म्हणते.

"सुने, मशीन बंद पडून राहिलंय ग."

"कधी बंद पडतंय? चालू करताना?"

"न्हाई. बाकी समदं करतंय. ह्यांची पत्रिका करायला घेतली की बंद."

पुण्यस्मरण आठ दिवसांवर. पत्रिका छापून पाव्हण्यांत वाटायच्या होत्या. तिचे दीर म्हणत होते, नांदेडला छापून घेऊ, एका दिवसाचं काम. पण अक्काचा हट्ट. पत्रिका ह्यांच्याच दुकानात, ह्यांच्याच मशीनवर, माझ्या हातानं होईल, नाहीतर पत्रिकाच नको. मला तिचं पटलं. दोन दिवसांची रजा टाकली, शिरूर ताजबंदला गाडी बदलली आणि दुपारी मुखेडात उतरले.

आता ही कामाची पद्धत समजून घ्या. मयताची पत्रिका कुणी नव्यानं आखत नाही. जुनी फाईल उघडायची, आधीच्या माणसाचं नाव पुसायचं, नवीन टाकायचं, फोटो बदलायचा, झालं. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कै.' नाही, 'लिं.' लावतात. लिंगैक्य झाले म्हणून. अक्कानं माझ्यासमोर एक जुनी फाईल उघडली, आधीचं नाव पुसलं, 'लिं. शिवानंद' टाइप केलं... आणि स्क्रीन निळी झाली. दोन सेकंदांनी मशीन बंद.

"बघितलीस?" अक्का म्हणाली.

"फाईल खराब असेल," मी म्हटलं.

दुसरी फाईल घेतली. बंद. कोरं पान घेतलं. बंद. डिझाइनचं सॉफ्टवेअर सोडून साध्या नोटपॅडमध्ये टाइप केलं. तरी बंद! मग माझी सटकली. बाह्या सरसावल्या आणि बसले. रॅम काढून खोडरबरानं घासली. पॉवर सप्लाय बदलला. हार्ड डिस्क तपासली, एक बॅड सेक्टर नाही. व्हायरस नाही. फॉन्ट काढून परत टाकले. सेफ मोडमध्ये जाऊन पाहिलं. 'शिवानंद' एवढंच टाइप केलं तर ढिम्म काही होत नव्हतं. 'लिं.' लावून आमच्या आप्पांचं, म्हणजे माझ्या हयात वडिलांचं नाव टाइप केलं... बोटं जरा अडखळली, खोटं कशाला सांगू... पण मशीन निवांत चालू. 'लिं.' आणि शिवानंद, ही दोन एकत्र आली की गेलंच. त्या दुपारी मी सात वेळा केलं. साती वेळा बंद.

सगळ्यात विचित्र पुढं आहे. मशीन असं अचानक बंद पडलं की सिस्टीम स्वतः नोंद ठेवते. अमुक वाजता, अनपेक्षित बंद. ही नोंद चुकत नाही, मुलांना मी हेच शिकवते. मी लॉग उघडला. सकाळी मशीन चालू केल्याची नोंद होती. मी स्वतः प्लग काढून पॉवर सप्लाय बदलला तीही होती. त्या सात वेळांची एकही नव्हती. मशीनच्या हिशेबानं ते बंद पडलंच नव्हतं! मी मोबाईलवर त्या यादीचे फोटो काढून ठेवलेत. अजून आहेत. कुणालाही दाखवते.

अक्काची सासू दारात तांदूळ निवडत बसली होती. आम्ही सगळे तिला अव्वा म्हणतो. ती मान वर न करता म्हणाली, "माझ्या लेकाला जमंना झालंय, बाई."

"अव्वा, व्हायरस असंल," मी फटकन बोलले. व्हायरस नाही हे मला माहीत होतं. म्हातारीवर आवाज चढवल्याचं अजून वाईट वाटतं.

मी माझा लॅपटॉप काढला. त्यावर पत्रिका पाच मिनिटांत टाइप झाली, काही कुरबूर नाही. "हे बघ," म्हटलं, "ही घे. पेनड्राइव्हवर देते, छाप."

"न्हाई," अक्का म्हणाली. "ह्याच्यावरच."

"अगं पण काय फरक पडतो?"

"तू परत एकदा कर बघू. त्यांचं नाव टाक."

मी परत टाकलं. परत निळी स्क्रीन. अक्का स्टूल ओढून माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती. मी वैतागून टेबलावर हात आपटला. ती बंद स्क्रीनकडे बघत राहिली. मला वाटलं, बिचारी काळजीत आहे, पत्रिका होते की नाही म्हणून. मला एवढंच कळलं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉरमॅटचं ठरवलं. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला. पत्रिका, बॅनर, दाजींचे फोटो, त्यांनी कधीतरी माझ्या वाढदिवसाला बनवलेला गंमतीचा बॅनर, डेस्कटॉपवर अस्ताव्यस्त टाकलेलं त्यांचं सटरफटरसुद्धा. एकेक फोल्डर अक्काला उघडून दाखवला.

"समदं ऱ्हातंय न?" तिनं दोनदा विचारलं.

"सगळं राहतंय अक्का. एक फाईल इकडची तिकडं होणार नाही. शब्द देते."

"मंग कर," म्हणाली.

फॉरमॅट मारला. नवीन सिस्टीम टाकली, ड्रायव्हर टाकले, फॉन्ट टाकले, डेटा परत जागच्या जागी ठेवला. बारा वाजत आले होते. रस्त्यावर बाजारची गर्दी, एका टेम्पोवर भोंगा लावून कुणीतरी कांदे विकत होतं. मी मोठ्या रुबाबात खुर्ची सोडली. "घे, कर आता तुझ्या हातानं."

अक्का बसली. जुनी फाईल उघडली, आधीचं नाव पुसलं. एका बोटानं, सावकाश, 'लिं.' टाइप केलं. मग शिवानंद. आणि हात मांडीवर घेऊन थांबली.

काही झालं नाही. 'लिं. शिवानंद.' पुढे कर्सर चालू-बंद, चालू-बंद.

मी "झालं!" म्हणून टाळी वाजवली. हो, टाळी वाजवली मी. अक्कानं नाव पुसलं आणि परत टाइप केलं. परत पुसलं, परत केलं. चौथ्यांदा ती पुसायला लागली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघितलं.

"अक्का, अगं नीट चालतंय की आता."

"हाव," ती म्हणाली. "आता काहीच म्हणंनात झाले."

मला कळेना. मग ती बोलली, स्क्रीनकडेच बघत. "पंधरा दिवस झाले, मी रोज दुपारी त्यांचं नाव टाकून बघत व्हते. लिं. लावलं की त्ये बंद करायचे. मला वाटायचं, आहेत. न्हाई म्हणून राहिलेत. वर्षभरात तेवढंच एक बोलणं झालं ग आमचं."

आणि मग ती रडली. अशी रडली की कांदेवाल्यानं भोंगा बंद केला. अव्वा तांदळाचं सूप बाजूला ठेवून आत आली आणि सुनेचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. मी हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तशीच उभी. दाजी गेले तेव्हा मी आडवी पडून रडले होते. पण त्या दुपारी वाटलं, अक्कापासून त्यांना मी नेलं. स्वतःच्या हातानं, अक्कल पाजळत.

पत्रिका झाली, छापून वाटली गेली, पुण्यस्मरणही झालं. ते मशीन आज उत्तम चालतंय, एकदाही बंद पडलेलं नाही.

माझ्या मित्रमंडळींना विचारून झालंय. कुणी म्हणतं फॉन्ट करप्ट असेल, कुणी म्हणतं अक्षरांच्या जोडणीत काहीतरी गडबड. असेलही. मग लॉगमध्ये नोंद का नाही, याला कुणाकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. तपासायला जुनी सिस्टीमच उरलेली नाही, मीच पुसली.

अक्काचा परवा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "सुने, ते आधीचं जसं व्हतं, तसं परत टाकता येतंय का ग?"

माझ्याकडे दाजींची एकूण एक फाईल आहे, तीन ठिकाणी कॉपी करून ठेवलेली. मी म्हटलं, "नाही अक्का. त्याचा बॅकअप घेता येत नाही."

"बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.