चुकण्याची तालीम

"आधी चुकव," मॅडम म्हणाल्या. "फळ्यापाशी जा, गणित वाच, जरा वेळ गप्प उभी राहा आणि नऊ म्हण. मग मी समजावते. मग तू दोन म्हण."

मी सातवीत होते. हातात खडू. समोर टाकीचं गणित. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा तीन तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ? उत्तर दोन तास. मॅडमचं फळ्यावर लिहून होईपर्यंत मला ते आलं होतं. नऊ म्हणजे सहा आणि तीनची नुसती बेरीज. दोन नळ सोडल्यावर एका नळापेक्षा जास्त वेळ लागतो असं कोण म्हणेल? आमच्या वस्तीवर पहिलीतलं पोरही म्हणणार नाही. ते रोज हंड्यांच्या रांगेत उभं असतं.

"पण मॅडम, मला येतंय."

"येतंय ते मला माहीत आहे गं. पाहुण्यांना दिसायला नको का, तू किती पुढं आलीस ते?"

आवाज गोड होता. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी त्या हाताखाली उभी राहिले आणि नऊ म्हणायची तालीम केली. तीनदा. तिसऱ्यांदा मॅडम म्हणाल्या, "आता जमलं. जरा लाजल्यासारखं कर."

तो हुशार मुलांचा शनिवारचा जादा वर्ग होता. भोरच्या एका शाळेत भरायचा. तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून परीक्षा घेऊन मुलं निवडलेली. पुण्यातली कुठलीशी कंपनी खर्च करायची. बूट, कंपासपेटी, एसटीचा पास, मधल्या सुट्टीत राजगिऱ्याचा लाडू. आमची वस्ती आंबवड्याच्या पुढं. आमच्या शाळेतून मी एकटीच. मी पहिल्यांदा बूट घालून घरी आले तेव्हा आईनं ते उलटेपालटे करून बघितले. तळवे दाबून बघितले. मग म्हणाली, "बूट पाय बघून दिलं का तोंड बघून?"

तेव्हा मला आईचा राग आला होता. चांगलं चाललंय त्यात हिला काय खुपतं, असं वाटलं होतं.

वर्गातली बाकीची मुलं बहुतेक भोरमधली, नाहीतर शिक्षकांची. वर्ग भरायचा त्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा मुलगा माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. तो खरंच हुशार होता. पाहुणे येणार म्हटलं की त्यालाही तालीम असायची, पण वेगळी. त्याला अवघड कोडी दिलेली आणि ती घोटून घेतलेली. त्यानं न अडखळता सांगायचं. मी अडखळत सांगायचं. हुशारी त्याची, प्रगती माझी. अशी वाटणी झालेली होती आणि वाटताना मला कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या वेळी पाहुणे आले तेव्हा मी नऊ म्हटलं.

सगळे हसले. वाईट हसले असते तर बरं झालं असतं. ते मायेनं हसले. खादीची साडी नेसलेल्या एक बाई म्हणाल्या, "अगं बाळा." मॅडमनी फळ्यावर टाकी काढली, दोन नळ काढले, समजावलं. मी दोन म्हटलं. टाळ्या पडल्या. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी स्वतः बघितलं. मग मॅडम माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांना सांगू लागल्या.

"हिच्या घरात कुणीच शिकलेलं नाही. आईवडील मजुरी करतात. घरात पुस्तक म्हणून नाही. आपण हिला इथवर आणलं."

माझी आई दहावी पास आहे. बाबांनी बारावी करून मग गवंडीकाम धरलं, कारण कॉलेजपेक्षा घराला त्याची गरज होती. विहारातली पुस्तकं आमच्या घरात राहायची, कारण विहाराचं छप्पर गळायचं. संध्याकाळी शेजारच्या मुली ती न्यायला यायच्या. मॅडमना हे ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला घरचं सगळं विचारलं होतं आणि मी अभिमानानं सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि टाकून दिलं. मी तिथं उभी, तोंडात "दोन तास" हे उत्तर, आणि माझे आईबाप माझ्यासमोर अडाणी होऊन गेले. लाडू त्या दिवशी खाल्ला नाही, दप्तरात ठेवला आणि घरी जाताना नीरा नदीत टाकला. कुणाला शिक्षा दिली कुणास ठाऊक.

त्यानंतर माझा स्वभाव बिघडला. कुणी कौतुक केलं की मी आधी त्याची मागची बाजू बघायला लागले. मॅडमनी "शाब्बास" म्हटलं की मला वाटायचं, आता काय करायला सांगणार? नव्या पुस्तकांचा खोका आला तर मी आधी फोटो काढणारा कुठं उभा आहे ते शोधायची. आणि बहुतेक वेळा तो असायचाच.

मग दुसरी भेट ठरली. या वेळची मोठी. कंपनीचे साहेब येणार होते आणि पुण्याच्या निवासी वर्गासाठी आमच्यातून एकच मूल निवडणार होते. आठवी ते बारावी तिथंच राहायचं, प्रयोगशाळा, ग्रंथालय, सगळं. मला ती जागा हवी होती. खोटं कशाला बोलू, रात्रंदिवस तेच डोक्यात होतं. आमच्या शाळेत विज्ञानाचं कपाट होतं आणि त्याची किल्ली हरवलेली होती. मला तसं कपाट उघडं बघायचं होतं.

मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"मागच्यासारखंच कर. छान झालं होतं. मी तुझंच नाव पुढं करणार आहे. आणि या वेळी आईला घेऊन ये."

"आईला?"

"हो. पाहुण्यांना बरं वाटतं. तिला म्हणावं, साधीच साडी नेसून ये. रोजची. नवीबिवी नको."

मी घरी आले. आई सुपात तांदूळ पाखडत होती. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. नऊ म्हणायचं तेही सांगितलं, आजवर सांगितलं नव्हतं. आईचं सूप थांबलं.

"तुला येत न्हाई व्हय ते गणित?"

"येतंय."

"मंग?"

मला वाटलं, आता ओरडणार. ती म्हणाली, "पयल्या बारीला घरी यिऊन का न्हाई सांगितलंस?" आणि पुन्हा सूप हलवायला लागली. त्या रात्री बाबांनाही मीच सगळं सांगितलं.

बाबांना मात्र ती जागा माझ्याइतकीच हवी होती. सकाळी ते म्हणाले, "एवढी एक बारी म्हन की नऊ. जागा मिळाली म्हंजी पुढं कोन इच्यारतंय?" बाबा वाईट बोलले नाहीत. दुसऱ्याचं घर बांधताना मालक चुकीचं सांगतो तरी ऐकावं लागतं, त्यातून आलेलं ते बोलणं होतं. मी मान हलवली. नऊ म्हणायचं ठरवूनच मी निघाले.

आई आतून बाहेर आली. जयंतीला घेतलेली पांढरी साडी, निळ्या काठाची, इस्त्री केलेली. केसांत फूल. पायांत चपला पुसलेल्या. ती वर्षातून एकदाच तसं नेसायची. "चल," ती मला म्हणाली. एसटीत ती ताठ बसून होती, साडीची निरी चुरगळू नये म्हणून.

शाळेच्या व्हरांड्यात मॅडमनी तिला बघितलं. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते मधेच अडकलं.

"अहो ताई, निरोप मिळाला नाही का?"

"मिळाला की," आई म्हणाली.

"मग?"

"पावन्यांच्यात यायचं हुतं. म्हनून बरी नेसली."

मॅडमनी तिला मागच्या रांगेत बसवलं. पुढं खुर्च्या रिकाम्या होत्या. मी ते बघितलं. मागच्या रांगेतही ती ताठच बसली, पदर सारखा करून, आणि थेट फळ्याकडं बघायला लागली.

साहेब आले. हार झाले. मुख्याध्यापकांच्या मुलानं कोडं सोडवलं, न अडखळता. मग माझं नाव. फळ्यावर टाकी, दोन नळ. मॅडम म्हणाल्या, "बघ हं, सावकाश विचार कर."

मी खडू घेतला. मागं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"दोन तास."

मॅडम हसल्या. "घाई करू नकोस. पुन्हा विचार कर, बाळ."

"दोन तास, मॅडम."

"अगं, इथं तू नेहमी गोंधळतेस ना?"

"न्हाई मॅडम. मला पयल्यापास्नं येतंय. नऊ म्हणायला तुमी सांगितलं होतं."

शाळेत आल्यापासून मी शाळेची भाषा बोलायची. त्या क्षणी घरची बोली तोंडात आली आणि ती मी थांबवली नाही. फोटो काढणाऱ्यानं मोबाईल खाली घेतला. साहेबांनी मॅडमकडं बघितलं, मॅडमनी मुख्याध्यापकांकडं. मी म्हटलं, "आणि माझी आई दहावी पास आहे. ती मागं बसलीय."

साहेब म्हणाले, "स्पष्टवक्ती आहे हं मुलगी." दोघेतिघे हसले. मग चहा आला.

जागा मुख्याध्यापकांच्या मुलाला मिळाली. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला गणित येत होतं. मलाही येत होतं. पुढच्या शनिवारी मॅडमनी मला दारातच सांगितलं, "तू हुशार आहेस, पण नम्रता हवी. तुला आता आपल्या गावच्या शाळेतच बरं." एसटीचा पास परत घेतला. बूट राहू दिले. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आई बोलायची, पण त्या दिवसाविषयी कधीच नाही. जे गेलं ते गेलं. विज्ञानाचं कपाट मी सातवी संपेपर्यंत बंदच बघितलं. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं, आणि वाईट वाटत नाही असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आता मी स्वतः शिक्षिका आहे. वेल्ह्याकडं, पासलीच्या बाजूला, जिल्हा परिषदेच्या शाळेत. माझ्या सहावीत एक मुलगी आहे, वरच्या धनगरवाड्यावरची. तिला आकडे दिसतात, आपल्याला झाडं दिसतात तसे. मी तिला शिकवत नाही, तिच्या मागं धावते. या वर्षी पुन्हा असाच एक वर्ग निघालाय, नवं नाव, नवे लोक. मी तिचं नाव दिलं. परवा त्यांच्या माणसाचा फोन आला.

"मॅडम, केस चांगली आहे तुमची. घरचा एक छोटा व्हिडिओ पाठवा ना. शेळ्या मागं दिसल्या पाहिजेत. आणि मुलीला म्हणावं, युनिफॉर्म नको."

मी म्हटलं, व्हिडिओ मिळणार नाही. ती परीक्षा देईल, तिचा पेपर तपासा.

"अहो, सगळे पाठवतात. नाहीतर नाव मागं पडतं."

संध्याकाळी तिचे वडील शेरडं घेऊन उतरले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. लपवलं नाही. ते काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. म्हणाले, "बाई, शेरडं तर आमची हायेतच. दोन मिन्टं पोरगी हुबी ऱ्हायली तर काय बिघडतंय? नाव ग्येलं तर?"

हा प्रश्न खरा आहे. मी तो टाळत नाही. माझी पोळलेली जीभ आहे म्हणून या मुलीनं ताक फुंकून प्यावं का, असं मी स्वतःला विचारलं. माझ्या चांगुलपणावरही मला संशय आहे. जागा गेली तर माझी जाणार नाही, तिची जाणार. मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "बाई, शेरडं पेपर सोडवनार हायेत का?" आणि पुस्तकात डोकं घातलं.

मी फोन करून सांगितलं. व्हिडिओ नाही. घरची माहिती नाही. ती युनिफॉर्म घालून येईल.

"मग नाव वगळावं लागेल, मॅडम."

"वगळा. कारण लेखी द्या. तुमच्या सहीनं."

मग तो म्हणाला, बघतो. हे "बघतो" मी आयुष्यभर ऐकलंय, मला त्याची किंमत कळते. म्हणून तिच्या वडिलांना सांगितलं, शेरडं परीक्षेच्या दिवशी दुसऱ्याकडं द्या आणि तुमीबी चला. ते शेरडं हाकत वाड्याकडं निघाले.

परीक्षा रविवारी आहे. पहिल्या एसटीनं मी तिला घेऊन जाणार आहे. तिला आत बसवलं तर मी बाहेर बसेन. नाही बसवलं तर त्या दारातून मी हलणार नाही, आणि दुसरं कुणी आत जायच्या आधी त्यांना मला कारण सांगावं लागेल, सगळ्यांसमोर, मोठ्यानं.