वन्संची मांडणी

वन्सं,

तुमच्याबद्दल लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. पण तुम्ही इथून गेल्यापासून भेटेल तो माणूस "सिस्टर कशा आहेत?" एवढंच विचारतो. मी कशी आहे ते समोर दिसतं, म्हणून विचारत नसावेत. तेव्हा एकदाच सगळ्यांसाठी लिहून टाकते. तुम्हाला ठाऊक असलेलंही त्यात येईल. कंटाळा आला तर तेवढं गाळा.

तुम्ही माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून सगळी नोकरी काढलीत, लग्न केलं नाहीत, आणि तुमचे दादा गेल्यावर "वहिनी एकट्या पडल्या" म्हणून माझ्याकडे राहायला आलात. एकट्या तुम्हीही होतात, पण ते तुमच्या तोंडून कधी निघालं नाही. लोकांना वाटतं नर्स म्हणजे मायाळू आणि सोशिक. तुम्ही दोन्ही नाही. हाताखालच्या पोरी तुमच्या चपलांचा आवाज आला की सरळ उभ्या राहायच्या. ट्रे कसा लावायचा हाच तुमचा धर्म. कात्री कात्रीच्या जागी, चिमटा चिमट्याच्या, एकावर एक काही नाही. सर्जनने न बघता हात पुढे केला की हवं तेच हातात पडलं पाहिजे. माझ्या स्वयंपाकघरातही तुम्ही आठवड्याच्या आत चमच्यांची अशी कवायत लावलीत की मला माझ्याच घरात चमचा विचारून घ्यावा लागला.

मग ते लॅपटॉप आले. माझी एकुलती एक लेक, भिंगरी, दूर दुसऱ्या शहरात एकटी राहते, सॉफ्टवेअरचं काम करते. तिने तिचे दोन जुने लॅपटॉप आपल्याला दिले, एक आईला, एक आत्याला. इतके मंद, की सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, भंगारात घाला. भिंगरी फोनवर म्हणाली, विंडोज काढून लिनक्स घाला, ते फुकट असतं आणि जुन्या यंत्रावरही पळतं. आपण घातलं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आहे, यंत्राला मी घाबरत नाही. मला तयार डेस्कटॉप मिळाला. खाली मेनू, कडेला चिन्हं, मागे डोंगराचं चित्र. मी खूश होते.

तुम्हाला मात्र ते बघवेना. "वहिनी, या विंडो एकीच्या अंगावर एक पडतात. खालची शोधायची म्हणजे वरच्या उचकायच्या. असा ट्रे कुणी लावला असता तर मी हाकलून दिली असती."

भिंगरीला हे कळलं आणि ती खिदळलीच. तिच्याकडे म्हणे विंडो मांडून देणारा असा एक प्रोग्रॅम, विंडो मॅनेजर, होता, ज्यात एक विंडो दुसरीवर पडूच शकत नाही. नवी उघडली की जुनी आपोआप सरकून जागा देते, फरशीला फरशी लागावी तशी. मेनू नाही, चिन्हं नाहीत, सगळं कीबोर्डवरून. कुठल्या बोटाने काय व्हावं ते आपणच एका फाइलमध्ये लिहायचं. तुमचे डोळे असे चमकले की मी समजले, ही बाई आता हाताला लागत नाही.

तिथून माझे दिवस फिरले. भिंगरीचा फोन यायचा. "आई, कशी आहेस? गोळ्या घेतेस ना? बरं, आत्याला दे." आणि मग तुमचं दोघींचं सुरू.

"आत्या, बॉर्डर दोन पिक्सेल कर."

"दोन जाड दिसते गं. एकच ठेवलीय."

"मग कुठली विंडो चालू आहे ते कळणार कसं?"

"रंगाने. हिरवा दिलाय. आमच्या थिएटरच्या कपड्यांचा."

"ए, मला पाठव ना ती फाइल!"

तिला मी पत्रं पाठवली, स्वेटर पाठवले, औषधं पाठवली. "पाठव ना" असं ती माझ्याकडे कधी लाडात आली नाही. मला जळफळाट झाला. बरा शब्द शोधत बसत नाही, हाच खरा आहे. तिला चालायला मी शिकवलं, आकडे मी शिकवले, तापात रात्री मी जागले, आणि आता तिची गुपितं एका पिक्सेलच्या बॉर्डरीत बसून आत्याच्या मांडीवर!

एका दुपारचं तर मी विसरायची नाही. तुमच्या मशीनवर व्हिडिओ कॉल लागला होता. पडदाभर भिंगरी. मी खुर्ची ओढून तुमच्या शेजारी बसले. पोरीचे डोळे ओढलेले दिसत होते, ते मला विचारायचं होतं. तेवढ्यात तुम्ही तुमची ती फाइल उघडलीत. भिंगरी अर्धी झाली. मग तिने पाठवलेली फाइल उघडलीत. भिंगरी पाव. मी म्हटलं, "अहो, पोर टपाल तिकिटाएवढी झाली. मोठी करा तिला."

"थांबा वहिनी, एवढी ओळ होऊ दे."

थांबणं माझ्या स्वभावात नाही. मी हात घालून दोन बटणं दाबली आणि भिंगरी नाहीशी झाली. आवाज तेवढा येत होता. "हॅलो? आत्या, दिसतेय का मी?"

"गेली कुठे?" मी ओरडले.

तुमच्या मशीनमागे दहा रिकामी टेबलं असल्यासारखी सोय होती, एकेका आकड्यावर एकेक. मी नेमकी तिला उचलून दुसऱ्या टेबलावर टाकली होती. तुम्ही डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसलात. "अगं, तुझ्या आईने तुला सहावर पाठवलं!"

आणि त्या काळ्या पडद्यातून माझ्या लेकीचा आवाज आला, "आत्या, आईला हात नको लावू देऊस गं त्याला."

मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. तुम्हाला ऐकू गेली असणार. जावीत म्हणूनच आपटली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पेन्शनच्या कामाला बाहेर पडलात आणि मी माझ्या मशीनवर तोच विंडो मॅनेजर घातला. तुम्हाला विचारलं नाही, भिंगरीला तर नाहीच. फाइलमध्ये एका कंसाची चूक झाली आणि पडदा मिट्ट काळा, कुठलंच बटण चालेना. दुसऱ्या कन्सोलवरून, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावरून, आत शिरून मी तो कंस शोधला. तुम्ही बाहेर गेलात की मी बसायची. शेवटी सगळं जागच्या जागी लागलं. दोन विंडो आडव्या, एक उभी, बॉर्डर निळी. तुमच्यापेक्षा माझी मांडणी देखणी दिसत होती, खोटं कशाला बोलू. पडद्याचा फोटो भिंगरीला पाठवला. उत्तर आलं, "वा! आत्याने करून दिलं?"

मी लिहिलं, "नाही."

तिने एक हसणारं तोंड पाठवलं. बस.

मी त्याच संध्याकाळी जुन्या डेस्कटॉपवर परतले. मला विंडो एकीवर एक पडलेल्याच आवडतात. माझ्या टेबलावरचे कागदही तसेच असतात आणि मला सापडतात.

मग भिंगरीच्या मनगटाचं ऑपरेशन ठरलं. टायपिंग करकरून उजवा हात गेला होता. मला फोन. "आई, तीन महिने कुणीतरी लागेल सोबत. आत्या येईल का, विचार ना."

निरोपही माझ्याच हाती!

"मी येते की," मी म्हटलं.

"तू कशाला दगदग करतेस? आत्याला ड्रेसिंग कळतं. शिवाय मला एका हाताने सगळं चालवायचंय, त्याची जुळवाजुळव तिला जमेल."

"मलाही जमतं."

"हो गं," ती म्हणाली. पोरगं "मी पण मदत करू?" म्हणत मध्ये आलं की म्हणतात ना, तसं.

तुम्ही बॅग भरताना मला विचारलंत, हे नाकारत नाही. "वहिनी, तुम्हाला जायचंय का? खरं सांगा. मी राहते."

"मला कुणी बोलावलंय?"

"मी बोलावतेय."

"बोलावणारीने बोलावलं पाहिजे. तुम्ही निघा, गाडी चुकेल."

गेलात. तुमचं मशीन जड म्हणून इथेच ठेवलंत, तिथे भिंगरीकडे एक रिकामं होतं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन. "वहिनी, माझी फाइल राहिली. घरच्या फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारं एक फोल्डर आहे, एरवी दिसत नाही. ते पेनड्राइव्हवर घाला. शेजारचा चष्मेवाला माल आणायला इकडे येतोय, त्याच्याकडे द्या. इथल्या पडद्यावर माझे हात आंधळे झालेत."

मी फोल्डर शोधलं, पेनड्राइव्हवर घातलं, नीट आलंय का तेही पाहिलं. चष्मेवाला आला, चहा पिऊन गेला. मी दिला नाही. तुम्ही फोन केलात तेव्हा तोंडावर सांगितलं.

"विसरलात?" तुम्ही विचारलंत.

"मी विसरत नाही. दिला नाही."

"कॉपी करता आलं नसेल तर सांगा, मी इथून—"

"कॉपी केलंय. खणात आहे."

"मग?"

"मग काय? तुमची मांडणी तिकडे गेली की तुम्ही तिकडच्याच झालात. अडू दे जरा. तीन महिने संपले की परत येऊन इथेच वापरा."

तुम्हाला मी पहिल्यांदाच अडवलं, पण मजा काही आली नाही. मग तुम्ही म्हणालात, "बरं. आम्ही दोघी बसून नवीन लावतो."

आम्ही दोघी!

आणि लावलीतही. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून सगळी कामं कीबोर्डच्या डाव्या अर्ध्यावर आणलीत. दिवसभर तिच्या खुर्चीला खुर्ची लावून बसत होतात, ती सांगायची, तुम्ही दाबायचात. फोटो आला त्यात दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली. मीच पेनड्राइव्ह दिला असता तर तुम्ही आपल्या कोपऱ्यात आपलं जुनं लावून मोकळ्या झाला असतात. माझ्या हट्टाने तुम्हाला एका टेबलाशी बसवलं.

प्लास्टर निघून बरेच दिवस झाले. तुम्ही परतायचं नाव काढत नाही, भिंगरी काढू देत नसेल. इथे संध्याकाळी भांडायला कुणी नाही. आधी तुम्ही माझी लेक नेलीत म्हणून जळत होते. आता तिने तुम्हाला ठेवून घेतलंय, म्हणून तिच्यावरही जळते. दोघींपैकी कुणावर जास्त, ते दिवसागणिक बदलतं.

काल चष्मेवाला दारात उभा. "काकू, परवा जातोय पुन्हा. सिस्टरांचं काहीतरी राहिलं होतं ना मागे? द्या, नेऊन देतो."

मी म्हटलं, "पुढच्या खेपेला बघू."