सहा घरांत वाटलेलं पुस्तक

पुस्तक कधी कुणी कापतं का? माझ्या डोळ्यांदेखत बाईंनी चाकू घेतला, पुस्तकाच्या पाठीची शिवण टाका-टाका करून उसवली आणि त्याची सहा जुडगी केली. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेन. तोंडाची पहिल्यापासून फटकळ. म्हटलं, "बाई, चांगलं पुस्तक कोंबडी कापल्यागत कापलंत की." बाई हसल्या. "अख्खं ठेवलं तर एकाच घरात राहील गं," म्हणाल्या.

बाई म्हणजे आमच्या बायबलबाई. महिन्यातनं एकदा पायी यायच्या, दोन दिवस राहायच्या, बायकांना गीतं शिकवायच्या, मुलींना अक्षरं शिकवायच्या. आमचं गाव बेंबळीच्या बाजूला. राज्य निजामाचं, शाळेत सगळी तालीम उर्दूतून, आणि शाळेत जायचं ते पोरांनी. मला मराठी वाचता येत होतं ते बाईंमुळं.

गावाच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. म्हणायला एक, पण मधून ओढा जायचा. वरच्या अंगाला आम्ही, खालच्या अंगाला ते. दोघांची जात आधी वेगळी होती आणि आमच्यातले स्वतःला त्यांच्यापेक्षा वरचे समजत. ख्रिस्ताकडं येताना बाकी सगळं मागं टाकलं, तेवढं एक मात्र गाठोड्यात नीट बांधून आणलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. प्रार्थनेची खोली एकच होती. डाव्या हाताला आमची माणसं, उजव्या हाताला त्यांची. आमेन सगळे एका सुरात म्हणत, आणि घरी जाताना कुणी कुणाच्या दारात थांबत नसे. त्यांच्या घरचं पाणी आमच्यात चालत नव्हतं.

बाईंनी तीन जुडगी वरच्या घरांत दिली आणि तीन खालच्या. पहिलं आमच्याकडं, दुसरं त्यांच्याकडं, तिसरं परत आमच्याकडं, असं. नियम एकच. जुडगं ज्या घरात दिलं त्या घराबाहेर न्यायचं नाही. रविवारी उपासना झाली की ज्याला ऐकायचं त्यानं त्या घरी जायचं. गोष्ट होती दुष्काळात ताटातूट झालेल्या दोन बहिणींची. थोरली धाकटीला शोधत गावोगाव फिरते. पहिलं जुडगं मी आमच्या अंगणात वाचलं आणि ऐन मोक्याला संपलं. पुढं काय झालं ते ओढ्यापलीकडं.

दोन रविवार आमच्या बायका नाक वर करून घरी बसल्या. तिसऱ्या रविवारी एकीला राहवेना. ती निघाली, तशा सगळ्या निघाल्या. पण प्रत्येकीच्या हातात घरनं भरून घेतलेला पाण्याचा तांब्या. खालच्याही आमच्याकडं येताना तसंच करत. बघणाऱ्याला वाटावं, सगळ्या रानात खुरपायला निघाल्यात.

खालच्या अंगाला वाचणारी एकच होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायची. नवऱ्यानं टाकलेली, आईजवळ राहायची, मोळ्या विकायची. वर्षभरात अक्षरं शिकली. मी वाचायची ते तव्यावर भाकरी करपायला लागल्यासारखं, घाईघाईनं. ती बोट ठेवून सावकाश वाचायची, मधेच थांबायची आणि बायकांकडं बघायची. "आता सांगा, तुमी असता तर काय केलं असतं?"

मला पहिल्यांदा राग यायचा. वाच की बाई पुढं! पण बायका बोलायला लागायच्या. थोरलीनं शोधत फिरावं का? धाकटी परक्या घरात सुखानं राहिली असेल तर? त्यावरून भांडणं व्हायची, आणि भांडता भांडता बायका आपलंच सांगायला लागायच्या. कुणाची बहीण पटकीत गेलेली, कुणाचं भावाशी पटत नव्हतं. एकदा अक्का मला म्हणाली, "तू लई पळतीस. मागं राहिलेल्यांनी काय करावं?" तेव्हापासून मी सावकाश वाचायला शिकले. आजही वाचते ती तिच्याच चालीनं.

असे दोन पावसाळे गेले. आमच्या शेजारणीच्या पोराला गोवर आला तेव्हा खालच्या अंगाची एक म्हातारी चार दिवस त्याला मांडीवर घेऊन बसली. पुढच्या रविवारी शेजारणीनं तांब्या आणला नाही. मग आणखी एकीनं आणला नाही. हळूहळू ज्याच्या घरी वाचन, त्याच्या घरचं पाणी असं होत गेलं. कुणी ठरवलं नव्हतं. तांब्या शेवटपर्यंत नेला तो माझ्या आईनं. "गोष्ट ऐकावी, पाणी घरचं प्यावं," म्हणायची. आई वाईट नव्हती हो. अक्काला कैऱ्या द्यायची, तिच्या आईची विचारपूस करायची. पण पाणी म्हटलं की तिचा हात आखडायचा. आणि तांब्या उचलून न्यायची कोण? मीच. एवढी फटकळ मी, पण आईला कधी म्हटलं नाही की आता पुरे. तहान लागली तरी मीही त्याच तांब्यातलं प्यायची. अक्का बघायची.

पाचवं जुडगं संपलं आणि मुलखात धामधूम सुरू झाली. निजामाच्या राज्याचे ते शेवटचे महिने. गावंच्या गावं हद्द ओलांडून बार्शीकडं, सोलापूरकडं निघाली. आमच्या वरच्या अंगाचीही पाच-सहा घरं बार्शीच्या बाजूला एका ओळखीच्याच्या वाड्यात जाऊन राहिली. सामान म्हणजे अंगावरचं लुगडं, दोन पातेली, एक तांब्या, एक पेला. सहावं जुडगं अक्काच्या घरी होतं. दोघी बहिणी भेटल्या की नाही, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

महिनाभरानं एका दुपारी अक्का दारात उभी. चालत आली होती, विचारत विचारत. पाय धुळीनं भरलेले, ओठ सुकलेले. पदराखालून तिनं फडक्यात बांधलेलं जुडगं काढलं. "तुमचं शेवटचं ऐकायचं राहिलं व्हतं ना," म्हणाली. मी तिला मिठी मारली. माझा आनंद काय सांगू! मी दारोदार जाऊन आमच्या बायका गोळा केल्या, भिंतीच्या सावलीला सगळ्या बसलो आणि अक्का वाचायला लागली.

अर्धं झालं आणि तिचा आवाज बसला. तिनं आईकडं बघून म्हटलं, "मावशी, वाईच पाणी द्या."

आई उठली. आतून तांब्या भरून आणला. पेला माझ्याशेजारीच उपडा ठेवलेला होता. आईनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग अक्कासमोर उभी राहिली आणि तांब्या उंच धरला, वरून ओतायला. ज्या बायका खालच्या अंगाच्या ओसऱ्यांवर बसून तिथलं पाणी प्यायल्या होत्या, त्यांनी माना खाली घातल्या. मीही मूग गिळून बसले. एका शब्दाचं काम होतं. अक्कानं क्षणभर वाट बघितली. आईची नव्हे, माझी. मग ओंजळ पुढं केली, पाणी प्याली, तोंड पुसलं आणि उरलेली पानं वाचून काढली. मधे एकदाही थांबली नाही, कुणाला काही विचारलं नाही. बहिणी भेटल्या. बायका रडल्या. अक्कानं जुडगं माझ्या मांडीवर ठेवलं आणि ऊन उतरायच्या आत निघाली. मी तिला रस्त्यापर्यंत पोचवायलासुद्धा गेले नाही. लाज वाटत होती.

राज्य बदललं, आम्ही गावाकडं परत आलो. पहिल्याच रविवारी उपासना झाल्यावर आई म्हणाली, "ते जुडगं घे आन् चल." ती पुढं, मी मागं, ओढा ओलांडून गेलो. तिनं हातात काही घेतलं नव्हतं. अक्काच्या दाराला कडी होती, पण ओसरी सारवलेली. शेजारची बाई बाहेर आली.

"ती परत आली न्हाय," म्हणाली. "तुमास्नी गाठाया म्हणून आईला घिऊन गेली ती तिकडंच कामाला लागलीया म्हणत्यात, ठिकाण कुणाला ठावं न्हाय. जाताना म्हणली व्हती, ओसरी सारवून ठिवा, वरल्या बाया वाचाया येतील."

आई ओसरीवर बसली. मग त्या बाईला म्हणाली, "पाणी दे गं."

बाई जागची हलेना. "आमच्या घरचं?"

"मग काय बेंबळीवरून आणतीस?"

बाईनं तांब्या आणला. आईनं तो तिच्या हातून घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा प्याली. उरले ते चार घोट मला दिले. मीही प्याले. मग आई म्हणाली, "वाच." मी जुडगं उघडलं, पण अक्षर दिसेना. जिच्यासाठी आम्ही ते पाणी प्यायलो, ती तिथं नव्हती.

आता माझे केस पांढरे झाले. सोलापूरला, बार्शीला कुठंही उपासनेला गेले की बायकांच्या बाजूला एकेक चेहरा बघत जाते. सुना हसतात. ती असेल तर नव्वदीला आली असेल, मला ओळखायचीही नाही. तरी मी शोधते. भेटली तर माफीबिफी मागायला मला जमणार नाही. एवढंच सांगेन, की अक्का, त्या दुपारी पेला माझ्या हाताशी होता, आणि मी उठले नाही.