वहिनींचा लॅपटॉप आणि रुसलेला पेनड्राइव्ह

रविवारी तामसीला भावाकडे गेलो होतो. गेलो म्हणजे, वहिनींनी बोलावूनच घेतलं. त्या कॉम्प्युटरच्या मशीनवर ब्लाउजचं भरतकाम करून देतात आणि सगळी डिझाइन्स एका जुन्या लॅपटॉपमध्ये ठेवतात. दिवाळीनंतर त्यातलं विंडोज उघडेचना...

शेजारच्या गावातल्या एका नवरीचा ब्लाउज अर्धवट पडला होता. एक बाही भरून झालेली, दुसरीचं डिझाइन लॅपटॉपमध्ये अडकलेलं आणि लग्न याच आठवड्यात. वहिनींचा चेहरा पार उतरला होता.

मी मात्र निवांत. घरून, मावल्याहून निघतानाच लिनक्स इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह तयार करून घेतला होता. त्याच्यावरून लॅपटॉप सुरू करायचा, डिझाइन्स बाहेर काढायची आणि जेवायला बसायचं... एवढं सोपं!

पेनड्राइव्ह जरा अडखळतच आत बसला. म्हटलं, जुना लॅपटॉप आहे, चालायचंच. लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायचा बूट मेनू उघडला, तर त्यात पेनड्राइव्हचं नावच नाही. सिक्युअर बूट बंद केलं, बूट ऑर्डर बदलली, पोर्ट बदलून पाहिले... लॅपटॉप ढिम्म.

तोच पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला, तर पठ्ठ्या लगेच सुरू! परत वहिनींच्या लॅपटॉपला लावला की ओळखच नाही.

भाऊ कापसाच्या वेचणीवरून जेवायला आला. जाता जाता "काऊन बे, होऊन नाही राह्यलं का तुह्यानं?" म्हणून जखमेवर मीठ चोळून गेला. खरं सांगतो, त्या एका बाहीच्या ब्लाउजकडे मला बघवेना.

शेवटी मोबाइलचा टॉर्च मारून पोर्टमध्ये डोकावलो. आत लाल-पिवळं काहीतरी घट्ट बसलेलं!

"वहिनी, हे काय आहे?"

"हळद-कुकू हाय ते, भाऊजी. लक्ष्मीपूजनाले लावलं होतं."

"पण आत?"

"मंग! झाकणावरचं पुसून जाते. मशीनच्या तोंडाले लावतो नं आमी, तसं याच्याबी लावलं, ओलं करून. जेवढी तोंडं दिसली तेवढ्यायले."

हसावं की कपाळाला हात लावावा... मी आपला दुपारभर पेनड्राइव्हवर संशय घेत बसलो होतो.

लॅपटॉप बंद करून बॅटरी काढली. टूथपिक आणि कोरडा ब्रश घेऊन एकेक पोर्ट हळूहळू मोकळा केला. मग पेनड्राइव्ह अलगद आत गेला, मेनूत नाव आलं, लिनक्स उघडलं... आणि डिझाइन्सचं फोल्डर जसंच्या तसं! वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि दुसऱ्या बाहीचं डिझाइन घेऊन त्या तडक मशीनकडे गेल्या. संध्याकाळी दुसरी बाही भरायला लागली होती.

इतकी वर्षं मी लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, पण एकालाही कधी नमस्कार केलेला नाही. मशीनचा तो खडखडाट ऐकताना हे पहिल्यांदाच मनात आलं.

निघताना पाहतो तर वहिनी कुंकवाचा करंडा घेऊन माझ्या पेनड्राइव्हसमोर उभ्या.

"भाऊजी, यानंच वाचवलं आपल्याले. लावू का जरासं?"

मला नाही म्हणवेना. मी फक्त आधी त्याचं टोपण लावून दिलं.